खेळातली मोटार आणि कारखान्यातली मोटार



व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्याकडे विषय मागितला, तेव्हा त्यांनी मनाशी काय धरले असेल हे आम्ही ओळखून आहोत. युनियनचा माणूस येणार, म्हणजे किमान वेतन, कंत्राटी कामगार, प्रॉव्हिडंट फंड यांपैकी काहीतरी निघणार; श्रोत्यांतली पेन्शनर मंडळी पहिल्या अर्ध्या तासात डुलकी घेणार आणि उरलेल्या वेळात प्रश्न विचारणार. आम्ही उलट कळवले की, जुन्या अमेरिकन मोटारींच्या लहान प्रतिकृती जुळवण्याचा जो छंद आहे, त्यावर आम्हांला बोलायचे आहे. चालकांनी आमचे पत्र दोनदा वाचले असे ऐकतो. तरी त्यांनी विषय मान्य केला, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत.

हा पोरखेळ आहे, हे आम्हांला मान्य आहे. पण प्रत्येक खेळण्यामागे कुठेतरी एक कारखाना असतो, कारखान्यात कामगार असतो, आणि कामगार आला की त्याविषयी बोलायला आम्हांला कोणाची परवानगी लागत नाही.

प्रथम वस्तू काय आहे ते सांगतो. पुठ्ठ्याची एक पेटी असते. झाकणावर मोटारीचे झकपक चित्र असते. आत मोटार नसते. आत प्लास्टिकच्या चौकटी असतात आणि त्या चौकटींना, मांडवाला पडवळे लटकावीत तसे, मोटारीचे सुटे भाग लागलेले असतात. इंजिनाची दोन अर्धुके, गिअरबॉक्स, मागचा आस, धुराचा नळ, बैठका, स्टिअरिंगचे चाक. वरचा सांगाडा बहुधा एकसंध ओतलेला असतो. बंपर, जाळी, दिव्यांच्या कड्या असे चकचकीत भाग वेगळ्या चौकटीवर असतात. निर्वात पात्रात अल्युमिनियमची वाफ करून तिचा पातळ थर त्यांच्यावर बसवलेला असतो. शिवाय टायर, पारदर्शक काचा, पाण्यात भिजवून चिकटवायची अक्षरे आणि कोणता भाग कोणत्या क्रमाने बसवावा हे दाखवणारा एक कागद. भागांची संख्या शंभराच्या मागेपुढे. मग कानशी, पातळ धारेचा चाकू, पॉलिश पेपर, रंग आणि सबुरी ही ज्याची त्याने आणायची.

हे जोडायला जो डिंक वापरतात तो आपल्या अर्थाने डिंकच नव्हे. तो प्लास्टिकला विरघळवतो. दोन्ही कडा मऊ होऊन एकमेकींत मिसळतात, द्रावक उडून जातो आणि जोड एकजीव होतो. वेल्डिंगवाल्याला ही गोष्ट एका वाक्यात समजते. सुताराला सरसाची सवय असते. तो हात सैल सोडून लावतो आणि मोटारीच्या टपावर आपल्या अंगठ्याचा ठसा कायमचा उमटवून ठेवतो. या द्रावकांची आणि फवाऱ्याच्या रंगांची वाफ चांगली नसते. खिडकी उघडी ठेवावी, तोंडाला नुसता रुमाल बांधून भागत नाही, हे आम्ही लोट्याच्या रासायनिक कारखान्यांतल्या मंडळींना सांगत आलो, तेच घरी टेबलाशी बसणाऱ्या मुलांनाही सांगतो.

आता प्रमाणाविषयी थोडे, कारण या छंदाचा जीव तिथे आहे. आपल्याकडे दिवाळीत मुले किल्ले करतात. माती, दगड, हळिवाची हिरवळ, आणि वर सिंहासनावर शिवाजीमहाराज. महाराज दरवाजापेक्षा उंच, मावळा बुरुजाएवढा, आणि घाटाच्या रस्त्यावर एक पत्र्याची किंवा प्लास्टिकची मोटार, तिच्यात दोन मावळे सहज मावतील एवढी. तिथे प्रमाण मानाप्रमाणे ठरते. जो मोठा माणूस, तो मोठा. त्यात काही चूक नाही, जुन्या चित्रांतही तसेच असते. प्रतिकृतीच्या छंदात मात्र मान चालत नाही, फूटपट्टी चालते. अमेरिकन मोटारींच्या संचांचे रूढ प्रमाण एकास पंचवीस. १९५७ सालची शेव्हरले बेल-एअर सुमारे ५ मीटर ८ सेंटिमीटर लांब होती. तिची प्रतिकृती वीस सेंटिमीटरांच्या किंचित वर भरते. लांबी पंचविसावा हिस्सा झाली, तर रंगवायचे क्षेत्र ६२५ वा हिस्सा होते आणि आकारमान १५,६२५ वा हिस्सा. म्हणजे खऱ्या एका मोटारीच्या जागेत अशा पंधरा हजारांवर मोटारी मावतील. शाळेत घनफळ घोकूनही ज्याच्या डोक्यात शिरले नाही, त्याला हे टेबलावर समजते.

एक गोष्ट मात्र कोणत्याही पट्टीने लहान होत नाही, ती म्हणजे रंगाची जाडी. मोटारीवरचा रंग साधारण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा जाड असतो. तुम्ही ब्रशाने तेवढ्याच जाडीचा रंग प्रतिकृतीवर चढवलात, तर खऱ्या मोटारीच्या हिशेबाने तो अडीच मिलिमीटरांचा गिलावा झाला. दरवाजाच्या फटी बुजतात, नावाची अक्षरे बुडतात, मोटार शेणाने सारवल्यासारखी दिसते. म्हणून जाणते लोक फवाऱ्याने अतिशय पातळ थर देतात, दोन थरांमध्ये थांबतात, पाणी लावून पॉलिश पेपराने घासतात आणि पुन्हा देतात. आणि इथेच आपल्या चिपळूणचा प्रश्न येतो. पावसाळ्यात आपल्याकडच्या हवेत एवढी ओल असते की, झटपट वाळणारा रंग फवारला तर द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर दव धरते आणि तकतकीत काळा रंग राखेसारखा पांढरट पडतो. गॅरेजमध्ये गाड्या रंगवणारे कारागीर आषाढात रंगकाम का टाळतात, हे कोणत्याही पुस्तकापेक्षा तुम्हांला नीट सांगतील. तेव्हा कोकणात या छंदाचे पंचांग असे: मृगापासून कापणे, घासणे, जोडणे, दसऱ्यानंतर रंग. शिमग्यापर्यंत मोटार तयार.

हे संच आले कुठून? अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींची भूक जबर वाढली. १९४८ मध्ये मिशिगन राज्यात एएमटी नावाची कंपनी निघाली. नावाचा अर्थ अल्युमिनियमची खेळणी, पण अल्युमिनियम लवकरच मागे पडले आणि प्लास्टिक आले. ती कंपनी प्रथम मुलांसाठी काही करीत नव्हती. फोर्डसारख्या कारखान्यांच्या विक्रेत्यांना ती तयार लहान मोटारी पुरवी, हुबेहूब कारखान्याच्याच रंगांत. बाप दुकानात मोठी मोटार पाहायला आला की, पोराच्या हातात लहान मोटार द्यायची. पोर घरी जाऊन बापाच्या मागे लागे. आमच्या मते जगातला सर्वांत स्वस्त प्रचारक हाच. त्याला ना पगार, ना भत्ता.

डेट्रॉइटच्या मोटार-धंद्याची आणखी एक रीत होती. दरवर्षी मोटारीचे रूप बदलायचे. आत इंजिन तेच, सांगाडा बहुतेक तोच, पण बाहेरची जाळी, दिवे, मागचे पंख निराळे. जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी ही रीत धंद्यात मुरवली आणि त्यांचे रूपकार हार्ली अर्ल यांनी तिला शरीर दिले. १९४८ च्या कॅडिलॅकला मागे विमानाच्या शेपटीसारखे दोन लहान पंख फुटले. १९५९ च्या कॅडिलॅकला ते एवढे उंच झाले की, आजही त्या मोटारीचे चित्र पाहिले तर माणूस हसतो, पण पाहत राहतो. हेतू सरळ होता. कालची मोटार चालू असतानाच जुनी वाटली पाहिजे. गंमत अशी की, या प्रत्येक मोटारीचा जन्म प्रतिकृतीतूनच होई. अर्ल यांनी मातीचे नमुने करण्याची पद्धत रूढ केली. आधी लहान, मग पूर्ण आकाराचा नमुना मळायचा, साहेबांनी फेरी मारायची, आणि मग पोलादाचे साचे.

मोटार दरवर्षी बदलते म्हटल्यावर खेळण्यालाही दरवर्षी बदलणे आले. १९५८ मध्ये एएमटीने तयार मोटारीऐवजी सुटे भाग पेटीत घालून विकायला सुरुवात केली, आणि एकाच पेटीतून तीन तऱ्हा करता येतील असे जादा भाग दिले: कारखान्यातून निघाली तशी, शर्यतीची, किंवा आपल्या मर्जीप्रमाणे बदललेली. ही तिसरी तऱ्हा आमच्या आवडीची आहे.

कारण मर्जीप्रमाणे मोटार बदलण्याची चाल श्रीमंतांच्या बंगल्यांत निघाली नाही. ती कॅलिफोर्नियातल्या गॅरेजांत निघाली. नवी मोटार परवडत नाही, म्हणून दहा वर्षांची जुनी घ्यायची. तिचे छप्पर कापून चार बोटे बुटके करायचे, सांगाडा चाकांवर खाली बसवायचा, दरवाजांच्या मुठी काढून भोके बुजवायची. तेव्हा ती भोके वितळलेल्या शिशाने बुजवीत, त्यावरून अशा मोटारींना शिशाची घसरगाडी असे थट्टेचे नाव पडले. लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्त्यांतल्या मुलांनी मोटार जमिनीला टेकेल इतकी खाली आणून सावकाश मिरवण्याची स्वतंत्र परंपरा उभी केली. या विद्येतले नावाजलेले कारागीर जॉर्ज बॅरिस. दूरदर्शन-मालिकेतली १९६६ सालची बॅटमोबील त्यांनीच केली, तीही लिंकनच्या १९५५ सालच्या एका नमुना-मोटारीवरून. त्यांना खेळण्यांच्या कंपनीने सल्लागार म्हणून घेतले आणि गॅरेजची विद्या पेटीत आली. डेट्रॉइट म्हणे, दरवर्षी नवी घ्या. गॅरेजवाला म्हणे, जुनीच घेऊ, पण ती आमच्यासारखी दिसेल. आपल्याकडचा रिक्षावाला मागच्या काचेवर 'आईची कृपा' लिहून, आत झालर लावून, आरशाला लिंबू-मिरची बांधतो, तोही त्याच जातीचा.

टेबलावर या कामाची खरी परीक्षा छप्पर बुटके करताना होते. वरून दिसते सोपे: चार खांब आहेत, प्रत्येकातून चार मिलिमीटर कापून टाकले की झाले. पण खांब उभे नसतात, तिरपे असतात. कापून छप्पर खाली आणले की वरची टोके आणि खालची टोके जुळत नाहीत. पुढे फट पडते, मागे चढ पडतो. मग छप्पर मधोमध आडवे कापून लांब करावे लागते, किंवा खांब पुन्हा नव्या कोनात बसवावे लागतात. फटीत प्लास्टिकचीच पट्टी, त्यावर लांबी, मग घासणे. ज्याने हे एकदा केले, तो घराच्या छपराचे वासे पाहूनही कोन मोजू लागतो. एका संचातले इंजिन दुसऱ्यात, तिसऱ्याची चाके पहिल्याला, असा संकर करणेही रूढ आहे. आमच्या मते कागदावरच्या क्रमाप्रमाणे जुळवलेल्या दहा मोटारींपेक्षा अशी एक मोटार माणसाला अधिक शिकवते.

आता आमच्या खात्याकडे वळतो.

जनरल मोटर्सच्या मोटारींचे वरचे सांगाडे फिशर बॉडी नावाचा तिचा विभाग करी. १९३० मध्ये या विभागाने मुलांसाठी एक संघ काढला, कारागिरांचा संघ. फिशर बॉडीचे बोधचिन्ह होते नेपोलियनच्या काळातली राजेशाही घोडागाडी. स्पर्धा अशी की, दिलेल्या नकाशावरून त्या घोडागाडीची लाकूड, धातू, कापड यांची हुबेहूब प्रतिकृती मुलांनी स्वतःच्या हातांनी करायची. पुढे स्वतःच्या कल्पनेतल्या मोटारीचा एकास बारा प्रमाणाचा नमुना करायचा. विजेत्यांना कॉलेजच्या शिक्षणासाठी हजारो डॉलरांची शिष्यवृत्ती. हा उपक्रम १९६८ पर्यंत चालला. १९४७ चा विजेता चक जॉर्डन पुढे जनरल मोटर्सच्याच रूपविभागाचा प्रमुख झाला. गरीब घरच्या अनेक मुलांचे त्यामुळे कल्याण झाले, हे नाकारण्याचे कारण नाही.

पण त्याच फिशर बॉडीचे दोन कारखाने मिशिगनमधल्या फ्लिंट गावी होते, आणि ३० डिसेंबर १९३६ रोजी त्या कारखान्यांतल्या कामगारांनी काम थांबवले. ते बाहेर पडले नाहीत, आतच बसले. बाहेर पडले असते तर दुसऱ्यांना आत घेऊन पट्टा चालू झाला असता. कामगारांची मुख्य तक्रार पगाराची नव्हती, पट्ट्याच्या वेगाची होती. वेग वाढवायचा मालकाने, धावायचे कामगाराने, चाळिशीत हात मंदावले की बाहेर. आणि युनियनचे नाव काढले तर हेर मागे. चव्वेचाळीस दिवस ते आत राहिले. झोपायचे कशावर? मोटारींसाठी केलेल्या बैठका आणि गाद्या तिथेच होत्या. ज्यांवर बसून दुसरे लोक हिंडणार, त्या गाद्यांवर त्या कामगारांनी पहिल्यांदा अंग टाकले. ११ जानेवारी १९३७ च्या रात्री पोलिसांनी अश्रुधूर सोडला. आतून मोटारीच्या दरवाजांच्या लोखंडी बिजागऱ्या आणि थंडगार पाण्याचे फवारे आले. बायकांनी आपली तुकडी उभारली. गव्हर्नर फ्रँक मर्फी यांनी सैनिक आणले, पण कामगारांना हुसकावण्यासाठी ते वापरले नाहीत. ११ फेब्रुवारी १९३७ ला जनरल मोटर्सने मोटार-कामगारांच्या युनियनशी करार केला. तो जेमतेम एका पानाचा होता. वर्षभरात त्या युनियनचे सभासद तीस हजारांच्या आसपास होते ते पाच लाखांच्या घरात गेले.

आम्ही हे दोन प्रसंग शेजारी ठेवतो ते कंपनीला ढोंगी ठरवण्यासाठी नव्हे. नुसते शेजारी ठेवून पाहावेत. घरी टेबलापाशी बसलेला सोळा वर्षांचा मुलगा संबंध घोडागाडी करतो आहे: चाक, आरे, पडदा, कुलूप, सगळे एका हाताने. त्याच गावात त्याचा बाप पट्ट्याजवळ उभा राहून दिवसभर एकच बिजागरी बसवतो आहे. मुलाला बक्षीस आहे, कारण तो संपूर्ण वस्तू करतो. बापाला संपूर्ण वस्तू करायला मिळाली असती, तर मोटार महाग झाली असती. आणि तेही खरेच आहे. हेन्री फोर्ड यांनी १९१३ मध्ये हायलंड पार्कला चालता पट्टा बसवला, तेव्हा एका मोटारीच्या सांगाड्याच्या जुळणीला लागणारा वेळ साडेबारा तासांवरून दीड तासाच्या आसपास आला. मोटार सामान्य माणसाच्या हाताशी आली. पण त्याच वर्षी चौदा हजारांच्या आसपास माणसे कामावर टिकवण्यासाठी त्या कारखान्याला पन्नास हजारांवर माणसे भरावी लागली, इतके लोक काम सोडून पळत. जानेवारी १९१४ मध्ये फोर्डनी दिवसाला पाच डॉलर आणि आठ तासांचा दिवस जाहीर केला, तो दानधर्म म्हणून नव्हे. कंटाळ्याची ती किंमत होती.

मुंबईत यातले काय आले? आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसेल की, मुंबईच्या रस्त्यांवरची अमेरिकन मोटार हीसुद्धा पेटीतूनच आली होती. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला कारखाना घातला. तिथे मोटार बनत नसे. अमेरिकेतून लाकडी पेट्यांत सुटे भाग येत आणि इथले कामगार ते जुळवीत. म्हणजे अमेरिकन पोराच्या टेबलावरचा खेळ, एकास एक प्रमाणात. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून मोटारी बाहेर पडू लागल्या. डॉज, प्लिमथ, डी-सोटो अशी तीन नावे. तीन पेट्या, तीन नावे, पण आतली मोटार मुळात प्लिमथचीच. जाळी आणि नावाची पट्टी बदलली की डॉज. एका पेटीत तीन तऱ्हा देण्याची युक्ती एएमटीला सुचण्यापूर्वी मोठ्या कंपन्यांना सुचलेली होती, इतकेच.

१९५३ मध्ये आपल्या सरकारने धोरण ठरवले की, नुसती जुळणी चालणार नाही. भाग इथे बनवण्याचा कार्यक्रम ज्यांच्याकडे आहे त्यांनीच राहावे. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. प्रीमियर राहिली. तिने इटलीच्या फियाटचाही हात धरला होता. १९५४ पासून फियाट ११०० आली, १९७३ मध्ये तिचे नाव प्रीमियर प्रेसिडेंट झाले आणि पुढल्या वर्षी पद्मिनी. मोठ्या डॉज-प्लिमथ टॅक्स्या हळूहळू गेल्या आणि काळीपिवळी पद्मिनी मुंबईची खूण होऊन बसली. या कारखान्याच्या युनियनांचा इतिहास हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. डॉ. दत्ता सामंतांचे नाव गाजले ते काही १९८२ च्या गिरणी संपाने प्रथम नव्हे. इंजिनीअरिंग कारखान्यांत, आणि त्यांत या कारखान्यातही, ते आधीच उभे होते. याच कारखान्यातल्या एका तंट्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये दिलेला निकाल कामगार-कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला वाचावा लागतो: औद्योगिक विवाद कायद्याने दिलेला हक्क मागायचा असेल, तर दिवाणी कोर्टात जाऊन भागत नाही, त्या कायद्याच्याच वाटेने जावे लागते. या शतकाच्या आरंभी कुर्ल्याला पद्मिनी निघणे बंद झाले होते, आणि ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निघाली. वीस वर्षांची वयोमर्यादा भरली होती.

वाशिष्ठीकाठच्या एका गावी आम्हांला एक निवृत्त गृहस्थ भेटले. कुर्ल्याला त्यांची सगळी नोकरी मोटारीचे दरवाजे बसवण्यात गेली. नातवासाठी त्यांनी पांगाऱ्याच्या लाकडाची पद्मिनी केली आहे, हातभर लांब. पांगारा हलका आणि कोरायला मऊ. सावंतवाडीचे चितारी खेळण्यांसाठी तोच पसंत करतात. आम्ही ती मोटार हातात घेतली. दरवाजे पाहून थक्क झालो. चारही उघडतात, बंद होताना कडेची फट वरपासून खालपर्यंत सारखी राहते, पितळी बिजागऱ्या त्यांनी स्वतः घडवल्या आहेत. पुढचे झाकण उघडले, तर आत नुसता पोकळ ठोकळा. आम्ही विचारले, "काका, इंजिन?" ते म्हणाले, "इंजिनाचं शॉप पलीकडं होतं. मी कधी नीट पाह्यलंच नाय." आम्हांला या वाक्यावर भाष्य करण्याची गरज वाटत नाही. नातवाला ती मोटार फार प्रिय आहे, आणि तो इंजिनाच्या जागी चिंचोके ठेवतो.

आता कोणी म्हणेल, हे संच परदेशी, महाग. इथल्या माणसाच्या हातात वेळ कुठे? वेळेचे आधी सांगतो. मुंबईच्या गिरणी कामगाराला आठवड्याची सुट्टी कोणी देवाने दिली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० ला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रत्नागिरी जिल्ह्यातून गिरणगावात गेलेल्या किती पिढ्यांनी तो रविवार वापरला! कोणी भजनीमंडळ काढले, कोणी नाटक बसवले, कोणी तालमीत गेला, कोणी गणपतीच्या देखाव्यासाठी सायकलच्या चाकावर हलणारा राक्षस केला. युनियन म्हणजे पगारवाढ असे समजणाऱ्यांनी हेही जमेत धरावे. आज बारा-बारा तासांच्या पाळ्या पुन्हा येत आहेत, आणि आमच्या तरुण कंत्राटी कामगारांना रविवारी विचारले तर ते म्हणतात, झोपतो. त्याला छंद नाही म्हणून नावे ठेवणाऱ्याने आधी त्याचे हजेरीकार्ड पाहावे.

महागाईचे उत्तर आपल्या मुलांनी केव्हाच दिले आहे. महाराष्ट्रभर एसटीच्या गाड्यांच्या प्रतिकृती करणारी पोरे आहेत. त्यांना परदेशी पेटी लागत नाही. सनबोर्ड किंवा फोमशीट, पुठ्ठा, जुन्या स्लिपरच्या तळव्याची चाके, छत्रीच्या काडीचे आस, धुऊन स्वच्छ केलेल्या एक्स-रे फिल्मच्या काचा. लाल डबा, निमआराम, शिवशाही. पुढची पाटी 'चिपळूण–मुंबई', मागे शिडी, टपावर जाळी. अमेरिकन मुलाने पेटीतली मोटार बदलली, आमच्या मुलाने पेटीच घरी केली. यात जे पाहणे आहे ते आम्हांला मोलाचे वाटते. खिडक्यांचे गज किती, डेपोचे नाव कुठे लिहिलेले, कोणत्या कार्यशाळेने बांधलेल्या गाडीचा पुढचा चेहरा कसा: दापोडीची, चिकलठाण्याची, की हिंगण्याची. प्रवाशांना हे माहीत नसते, पोरांना असते. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस एसटीचा जो संप सुरू झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत रेंगाळला, त्यात डेपोंत गाड्या ओळीने उभ्या होत्या. त्या संपाच्या मागण्यांविषयी आणि डावपेचांविषयी आमची मते वेगळी आहेत, ती इथे नकोत.

पुण्याच्या टेल्को कारखान्यात एक तरुण इंजिनीअर होते, अरविंद गुप्ता. ट्रकच्या कारखान्यातून १९७८ मध्ये वर्षाची रजा घेऊन ते मध्य प्रदेशात खेड्यांतल्या शाळांच्या विज्ञान-शिक्षणाच्या कामाला गेले आणि तिथे आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून त्यांनी मेकॅनो केला. नळीचे तुकडे हे सांधे, काड्या या तुळया. पुढे पुण्याच्या आयुकामध्ये त्यांनी कचऱ्यातून खेळणी करण्याचे जे काम केले, त्यासाठी २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विलायती मेकॅनोची पेटी ज्या घरांत कधीच आली नसती, तिथे तो मेकॅनो गेला.

तेव्हा ज्या मुलांना या सुट्टीत हात घालायचा आहे, त्यांच्यासाठी कामाचे सांगतो. परदेशी संच मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर एसटी घ्या. डेपोत मोजमापे घ्यायला जाल तेव्हा आधी डेपो मॅनेजरांना विचारा आणि मागे येणाऱ्या गाडीच्या पाठीशी कधी उभे राहू नका. पहिले माप चाकाचे घ्या. चाकाचा व्यास चुकला की बाकी सगळे बरोबर असूनही गाडी खोटी दिसते. एकास पंचवीस धरलेत तर दहा-अकरा मीटरांची बस चाळीस ते चव्वेचाळीस सेंटिमीटर होईल. घरात ठेवायला जागा आहे का ते आईला विचारा, आणि ठेवायचीच तर वरच्या फळीवर ठेवा. २२ जुलै २०२१ चे पाणी कुठवर चढले होते, हे या गावात कोणाला सांगायला नको.

१ जून १९४८ ला पुण्याहून नगरला पहिली एसटी गेली. बेडफर्डचा सांगाडा, लाकडी बांधणी, काथ्या भरलेल्या बैठका. ती गाडी कोणाला करायची असेल, तर मोजायला ती समोर उभी नाही. फोटोवरून काम करावे लागेल. तिरप्या फोटोत लांबची बाजू आखूड दिसते, म्हणून शक्यतो बाजूने सरळ घेतलेला फोटो शोधा. त्यात टायर मोजा. बेडफर्डच्या टायरचे खरे माप जुन्या गॅरेजवाल्यांकडे किंवा त्या काळच्या मोटारींच्या पुस्तकांत सापडेल. फोटोतला टायर आणि खरा टायर यांचे प्रमाण काढले की, त्याच प्रमाणाने खिडकी, दरवाजा, उंची, सगळे निघते. त्रैराशिक आहे, सातवीचा मुलगा करील.

अध्यक्षांची परवानगी असेल तर आता प्रश्न घेऊ. किमान वेतनाचे प्रश्नही चालतील.